टॅगला मान, सुईशी घासाघीस

डिझायनरच्या तोडीचं काम परवडणाऱ्या पैशात कुठं होईल, असं नांदेड-लातुरात मला कुणी विचारलं, की मी दुकानाचं नाव सांगत नाही, गल्लीचा पत्ता सांगते. घराची पुढची खोली, खोलीत लाकडी फ्रेम, फ्रेमवर ताणलेलं कापड, त्यावर उतरवलेली मोराची नक्षी आणि दाराशी चपलांचा ढीग. पाटी असलीच तर ‘आरी वर्क, फॉल-पिको’ एवढीच. नसली तरी बायकांना घर पाठ असतं.

आणि याच दारात आपण सगळ्यात जास्त घासाघीस करतो. माझं भांडण त्याच्याशी आहे.

जिल्ह्याच्या गावात आता झुडिओ, ट्रेंड्स, मॅक्स या नावांच्या पिशव्या हातोहाती दिसतात. त्यात वाईट काही नाही. निलंग्याहून, अहमदपूरहून, कंधारहून शिकवणीसाठी लातूरला आलेल्या पोरीला पाचशे-सातशेत अंगाला बसणारा कुर्ता मिळतो, घालून बघायला आडोसा मिळतो, नाही घेतला तर कुणी तोंड वाकडं करत नाही. पूर्वी गादीवरच्या शेठनं पाच नग उलगडून दाखवले, की सहावा मागायची हिंमत होत नसे. तेव्हा ही सोय मोठीच आहे.

पण तिथं ७९९ चा टॅग बघून आपण निमूट रांगेत उभं राहतो. ‘पन्नास कमी करा’ म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. तेच पाय ब्लाऊजवालीच्या दारात वळले, की आवाज चढतो. ‘ताई, एवढी कुठं असते का शिलाई?’ ती सांगत राहते, ‘अस्तर माझं आहे हो, गळ्याला कॅनव्हास लावलाय, कप लावलेत.’ कोण ऐकतंय? पन्नासाची नोट पर्समध्ये परत जाते आणि आपण जिंकल्याच्या तोऱ्यात जिना उतरतो. हरवलं कुणाला?

हे काम एकदा शेजारी बसून बघाच. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. उजव्या हातानं ती वरून कापडात टोचायची, फ्रेमखाली डाव्या हातात धरलेला धागा आकड्यात अडकवायचा आणि फासा वर ओढून घ्यायचा. पुढचा टाका त्या फाशातून. साखळी अशी तसूतसूनं सरकते. खालचा हात कापडाआड असतो. धागा सुईला देण्याचं काम तो नुसत्या सवयीवर करतो. साखळी झाली की मोती, कटदाणा, जरदोसी. एकेक मणी सुईवर ओवून जागेवर बसवायचा. जरदोसीची पोकळ तार आधी कात्रीनं मापात कापून घ्यायची. एक तुकडा जरा लांब झाला तर पान फुगतं, आखूड झाला तर खालचं कापड दिसतं. दाट कामाच्या एका बाहीला अख्खा दिवस सहज जातो. मान खाली, पाठ वाकलेली, आणि दुपारी लाईट गेली की फ्रेम उचलून खिडकीशी. अशा ब्लाऊजचे ती दोन-अडीच हजार सांगते. आपण म्हणतो, दीडला करा.

आता हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवू. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याला नगामागं २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. बारा हजारांचा तयार लेहेंगा घेतला, तर २,१६० रुपये नुसता कर. तो बिलावर छापून येतो, म्हणून आपण हूं की चूं न करता भरतो. तेवढ्याच पैशात एका ब्लाऊजचं हातकाम होतं. ताग्यातून कापून घेतलेल्या कापडाला मात्र ५ टक्केच. कापड घ्या आणि शिवून घ्या, हा सल्ला खिशालाही मानवणारा आहे.

आरीसारखं दिसणारं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं ब्लाऊजपीस बाजारात ढिगानं मिळतं. स्वस्त आहे, रोजच्या घालण्याला चांगलं आहे, खुशाल घ्या. हातकाम समजून मात्र पैसे मोजू नका. पीस उलटा करा. हाताच्या साखळीची मागची बाजू साध्या धावत्या टाक्यासारखी दिसते. मशीनच्या कामामागं बॉबिनचा वेगळा धागा दिसतो आणि कडेकडेला कागदी अस्तराचे तुकडे चिकटून राहिलेले असतात. पैठणीलाही हीच परीक्षा. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ असतो. यंत्रमागाच्या साडीत मोराच्या पाठीमागं सुटे किंवा कापलेले धागे सापडतात. सेमी पैठणी हजार-दीड हजारात जरूर घ्यावी, पोरी तिच्यात गोड दिसतात. पण तीच साडी कुणी ‘ओरिजनल येवला’ म्हणून चौपट भावात गळ्यात मारू लागला, तर पदर उलटा करून दाखव म्हणावं.

नक्कल करण्याला माझा विरोध नाही. मराठवाड्याचं एक नामांकित कापड नकलेतूनच आलं. किनखाबात सोन्याचांदीची जर असायची, तो राजे-नबाबांच्या अंगावर. औरंगाबादच्या विणकरांनी सूत आणि रेशीम घेतलं आणि तसाच थाट हिमरूत उतरवला. परवडणारं डिझायनर कापड म्हणतात ते हेच. ते हिमरू म्हणूनच नावारूपाला आलं, कारण विणणाऱ्याचं कसब त्यात उघड दिसत होतं. उलट प्रकार ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. डिझायनर सब्यसाचीनं एच अँड एम या ब्रँडसाठी कपडे काढले, त्यातल्या ९,९९९ रुपयांच्या साडीची देशभर चर्चा झाली, माल हातोहात संपला. लगेच हस्तकलेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी जाहीर पत्र लिहिलं: नक्षी कारागिरांच्या परंपरेतली आणि कपडे छापील, मग कारागिराच्या हाताला काय मिळालं? तो प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

आपल्याकडं तर तो हात दोन गल्ल्या सोडून राहतो.

काय शिवावं, असं विचाराल तर आधी खण. लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कापडाच्या दुकानांकडं वळा आणि खणाचं कापड मागा. आजीच्या चोळीपुरता तुकड्यानं मिळणारा हा कपडा आता मीटरनं मिळतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा असेल तर उत्तमच. त्याचा कुर्ता नको, अंगावर फार भरगच्च होतो. साध्या सुती कुर्त्यावर खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट शिवा. काठ खाली न लावता पुढच्या उघड्या कडांना लावायला सांगा. महागड्या दुकानात अशा जॅकेटला चार-पाच पट किंमत पडते.

दुसरं, आईच्या ट्रंकेतलं इरकल. अंग विरलं तरी पदर बहुतेक वेळा शाबूत असतो. जुन्या अस्सल इरकलात अंगाचं सूत आणि पदराचं रेशीम फाशांनी एकमेकांत गुंतवून जोडलेलं असतं. तो जोड कात्रीखाली येऊ देऊ नका, पाठीवर मधोमध येईल असा ठेवा. हे कुठल्याही तयार कपड्यात मिळणार नाही. चांगली शिंपीण हे न सांगता ओळखते.

तिसरं, सुती. इथं मी हट्टी आहे. एके काळी नांदेडची तलम मलमल नावाजलेली होती, निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल याच शहरात होती, ‘नांदेड ४४’ हे कपाशीचं गाजलेलं वाण इथल्याच संशोधन केंद्रातून आलं. मिल बंद पडली, आणि आता कपाशीच्या या जिल्ह्यात लग्नाचा मांडव सगळा पॉलिस्टरमध्ये घामाघूम होतो. सुती शर्टाला सरकीसकट कापूस फार तर किलोभर लागतो. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१. शर्टावर टॅग १,४९९ चा. हा हिशेब ज्या घरांनी भोगलाय, त्या घरच्या माणसांनी तरी शिलाईवालीचे पन्नास कापू नयेत.

पैसे कुठून आणायचे, असं म्हणू नका. बस्ता आठवा. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं दुकानात बसतात, चहावर चहा होतो, आणि नवरीची साडी लवकर आटपून ‘देण्याघेण्याच्या’ साड्यांचा गठ्ठा सुटतो. मामीची, आत्याची, चुलतसासूची, विहिणीच्या बहिणीची. काठ कडक, पोत खरखरीत, रंग एक धुण्याचा. त्या साड्या कुणी नेसत नाही. एका लग्नातून निघालेली साडी पुढच्या लग्नात आहेर म्हणून चढते आणि तालुकाभर फिरत राहते. देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही. वर नावं ठेवली जातात ती वेगळीच. यातल्या दहा साड्या कमी करा. मामीला राग येईल, येऊ द्या. तिच्या कपाटातही तसलाच गठ्ठा पडलाय. त्या पैशात नवरीच्या दोन ब्लाऊजचं आरीकाम होईल, आईचं इरकल शिवून होईल, आणि एकाही सुईवालीसमोर ‘जरा बघा ना ताई’ म्हणायची वेळ येणार नाही.

तुळशीच्या लग्नानंतर तारखा लागतात, आणि मग या बायकांच्या खोलीत फ्रेमवर फ्रेम चढते. माप महिनाभर आधी द्या. दोन दिवसांत पाहिजे असेल तर रात्रीच्या कामाचे वेगळे पैसे धरा. मोती, जर, अस्तर ती आधी पदरचे पैसे घालून आणते, म्हणून निम्मी रक्कम माप देतानाच हातावर ठेवा. उरलेली ब्लाऊज नेताना, सांगितली तेवढी.