ड्रायव्हरच्या दारातल्या लॉकसाहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. लॉकसाहेब,
मुख्यालय : ड्रायव्हर साइडचं दार, डबल कॅब पिकअप.

विषय : सेवेतील कसुरीबाबत खुलासा मागवणे.

महोदय,

रिमोटचं बटण दाबलं की इंडिकेटर डोळे मिचकावतात, आपल्या हाताखालची तीन दारं ‘खटाक्’ करून बंद होतात आणि आपण तेवढे उघडे राहता. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला टोमॅटोची कॅरेटं उतरवायची, पट्टीचे पैसे खणात टाकायचे आणि निर्धास्त चहाला जायचं, तर ही तऱ्हा. तीन दारं फोडायला चोर लागेल; चौथ्यासाठी कुणी चोर असण्याचीही गरज नाही.

उलट, कुणी काही दाबलेलं नसतं तेव्हा आपला उत्साह बघावा. मी खाली उतरताना दार सताड उघडलं की आपण परस्पर आदेश काढता आणि बाकीची तिन्ही दारं बंद. माणसं पावसात बाहेर, त्यांचे डबे आत.

घराणं म्हणाल तर मोठं. १९५६ साली पॅकार्ड या अमेरिकन गाडीत आपले पूर्वज मिरवत होते. आपण आमच्या गाडीत नंतर बसवलेल्या किटमधून आलात, पण तोरा तोच.

आपली बाजू घेऊन आधी मेकॅनिक पुढे आला. दाराचं पॅड न उघडताच म्हणाला, ‘मोटर गेली.’ हे निदान फार लोकप्रिय आहे, कारण त्यात डोकं लागत नाही आणि मोटर खपते. नवी मोटर बसली. तीही दोन मिनिटांत आपल्या वळणावर गेली. मोटरी जात नाहीत असं नाही. आतले नायलॉनचे दाते झिजतात, ब्रश संपतात. पण तेव्हा दारातून घरघर येते किंवा लॉकची दांडी अर्ध्यात अडते. आपल्या दारात तर हूं नाही की चूं नाही.

म्हणून चौकशी मीच लावली.

डॅशबोर्डखाली कान दिला. बटणासरशी रिलेचा ‘टिक्’ आला. म्हणजे रिमोटचा सेल, फ्यूज आणि कंट्रोल बॉक्स या टेबलांवरून फाइल पुढे सरकली होती. मग पॅड काढलं, मोटरचा प्लग सोडवला आणि तिच्या दोन वायरी क्षणभर थेट बॅटरीला टेकवल्या. दांडी आत. वायरी उलट केल्या. दांडी बाहेर. मोटरला कळतं ते एवढंच : बारा व्होल्ट या बाजूनं आले की बंद, त्या बाजूनं आले की उघड. मोटर निर्दोष सुटली. काढून टाकलेली जुनी मोटरही तशीच लावून पाहिली. तीसुद्धा चालली! नव्या मोटरीचे पैसे कोणाकडे मागायचे, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता प्लगवर साधा टेस्ट लॅम्प लावला. मीटर मुद्दाम टाळला. आपल्याला येणारा हुकूम सेकंदभरही टिकत नाही. डिजिटल मीटरचे आकडे स्थिरावेपर्यंत तो होऊन गेलेला असतो. पोराला रिमोट घेऊन बसवलं. दार बंद असताना अंधार. सावकाश उघडत नेलं, तर अर्ध्यावर दिवा लकाकला. आणखी उघडलं, पुन्हा अंधार.

फाइल बिजागरीजवळच्या रबरी नळीत अडली होती. दारातल्या सगळ्या वायरी तिथूनच जातात आणि दार हललं की तिथंच वाकतात. ड्रायव्हरचं दार उघडतंही सगळ्यात जास्त : काट्यावर उतर, पावतीला उतर, दोरी आवळायला उतर. तांबं किती सोसणार? रबर मागे सरकवलं, तर मोटरची एक वायर आतून तुटून नुसत्या वेष्टणावर लटकत होती. शेजारच्या सिग्नलच्या वायरीची साल निघाली होती आणि ती अर्थिंगला खेटत होती. आपले परस्पर आदेश तिथून निघत होते.

तिथल्या तिथे पीळ देऊन टेप गुंडाळायचा सल्लाही मिळाला, फुकट. फुकट तो परवडला नसता. त्याच वाकणावर जोड द्यायचा म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं आमंत्रणच. बारीक तारांची मऊ वायर नळीतून अखंड ओढली, एक जोड दारात, दुसरा केबिनमध्ये घेतला, डाग दिला आणि श्रिंक नळी चढवली. दाराच्या बुडाशी पाणी निघायची भोकं असतात, ती चिखलानं लिंपलेली होती. तीही काडीनं मोकळी केली. आत साचलेलं पाणी निघालं ते थेट माझ्या चपलेवर.

तरी आपण यापुढे आदेश आल्यावरच हलावं आणि आल्यावर नक्की हलावं, ही विनंती.

आपला,
गाडीमालक

प्रत माहितीसाठी : डावं मागचं दार. आपला ‘खटाक्’ अलीकडे ‘खट्ट’वर आला आहे. टेस्ट लॅम्प अजून गाडीतच आहे.