चार खडे आणि एक रोबोट

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणापाशी, कढीपत्ता काय पळून जातोय. कोपऱ्यावरच्या भाऊजींचं चार खडे झालेलं पित्ताशय काढलं ना, ते रोबोटनं! वहिनींनी पेढे वाटत अख्ख्या गल्लीला सांगितलंय म्हणा. "आमच्या यांचं साधंसुधं नाही हं, रोबोटिक!" जसं काही पोराला आयआयटीत ॲडमिशन मिळाली.

तर रविवारी आम्ही बघायला गेलो. बरोबर माझा भाचा, तो सर्जन झालाय ना, तो. भाऊजींनी हौसेनं बनियन वर करून पोट दाखवलं. चार इवल्या पट्ट्या. भाचा वाकून बघतो काय आणि म्हणतो काय, "काका, दुर्बिणीनं केलं असतं तरी एवढीच भोकं पडली असती." अगं बाई! वहिनींचा चहाचा ट्रे दारातच थबकला.

आमच्या सासूबाईंना भलतीच काळजी. "अरे, पण यंत्र कापत असताना डॉक्टर कुठं जातो?" कुठं जाणार! तिथंच कोपऱ्यात बसतो म्हणे, एका पेटीत डोकं खुपसून. आतलं दहापट मोठं दिसतं. बोटांत कड्या, पायाखाली पेडलं, आणि त्याचा हात थरथरला तरी यंत्राचा थरथरत नाही. "म्हणजे शिवणाचं मशीनच की!" सासूबाई एकदम खूश. आणि त्या रोबोटच्या हातांना पारदर्शक प्लास्टिकचे झगे घालतात, आपण मिक्सरला घालतो तसे... मला तेच बघायला आवडलं असतं, खरं सांगते.

तर काय सांगत होते? हां, बिल. अहो, दुर्बिणीच्या दुप्पट! यंत्रच कोट्यवधींचं, त्यात त्याच्या चिमट्या-कात्र्यांना चिप असते. ठरलेल्या खेपा झाल्या की चांगली धडधाकट कात्री चालायचीच बंद. ते सगळं कुणाच्या बिलात? आता गुरुग्रामला आपला देशी 'मंत्र' रोबोट निघालाय, त्यातल्या त्यात स्वस्त, पण यांच्या हॉस्पिटलात तो नव्हता. वहिनी आपल्या निर्धास्त, मेडिक्लेम आहे म्हणून. आहे हो! २०१९ पासून रोबोटिक धरावंच लागतं कंपन्यांना, पण त्यावर वेगळी मर्यादा घालायची मुभाही आहे ना. ती ओळ पॉलिसीत आत कुठंतरी मुंगीएवढ्या अक्षरात. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळलं. मुलानं निम्मे पैसे कार्डावर भरले. सुनेनंच सांगितलं मला, वहिनी कुठल्या सांगतायत.

वहिनींनी तरी शेवटचा हुकमी पत्ता टाकलाच. "महाग असलं तरी सेफ असतं." भाच्यानं गप्प बसावं की नाही? मी डोळ्यांनी खुणावत होते... छे! म्हणे २०२३ मध्ये अमेरिकेत मेडिकेअर म्हणून सरकारी विमा आहे, त्यातल्या दहा लाखांवर म्हाताऱ्या पेशंटांचा हिशेब मांडला, पित्ताशयाचाच. पित्तनळीला इजा होऊन पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, ते दुर्बिणीत हजारी दोन आणि रोबोटमध्ये हजारी सात. वहिनींचा चेहरा असा उतरला, काय सांगू, फोडणी जळल्यासारखा. भाऊजींनी हळूच बनियन खाली ओढलं.

मग त्याची मावशी मी, सावरायला नको? म्हटलं, "काय रे, मग उपयोग तरी कशाला त्या यंत्राचा?" तर म्हणाला, प्रोस्टेट असते ना, ती खोल ओटीपोटात, अरुंद जागेत. तिथं टाके घालायला तो मनगटासारखा वळणारा हात सोयीचा पडतो. पण तिथंही ब्रिस्बेनला पोट उघडून आणि रोबोटनं अशी तुलना केली, २०१६ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आली. रक्त कमी गेलं, पेशंट लवकर घरी गेले, हे खरं. पण लघवीवरचा ताबा म्हणा, बाकीचं... ते पुरुषांचं, तीन महिन्यांनी दोन्हीकडं सारखंच. सासूबाई होत्या समोर, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. पण काल संध्याकाळी अचानक लोणच्याची बरणी घेऊन हजर! इकडचं तिकडचं झालं, मग आवाज बारीक करून म्हणतात, "तुमचा भाचा आहे का हो घरी? माझ्या दादाच्या प्रोस्टेटचं जरा विचारायचं होतं." म्हटलं, अहो, तो तर सोमवारीच गेला.

लोणचं मात्र ठेवून घेतलं. छान मुरलंय.