नवशिक्यांसाठी लष्करी शिल्लकतपासणी

झाशीच्या खंडेराव गेटपाशी उभे राहा. वही उघडू नका. वहीत सगळे बरोबरच असते.

सरावासाठी पेशवाईतला एखादा सरंजाम घ्या. 1742 पासून झाशीत नारो शंकरांचा अंमल होता, तेव्हा जागा अगदीच परकी नाही. सरंजाम म्हणजे लष्कराचे कंत्राटच. सरकारने मुलूख लावून द्यायचा, सरदाराने त्याच्या वसुलातून ठरलेले स्वार बाळगायचे. समजा, शंभर ठरले आणि साठच ठेवले. चाळिसांचा पगार वाचला, तो सरकारजमा झाला का, असे ज्याला विचारावेसे वाटते त्याने भिक्षुकी बघावी.

लष्करातला न खर्चलेला पैसा पैशाच्या रूपात सापडत नाही, नसलेल्या घोड्याच्या रूपात सापडतो. म्हणून घोडी मोजा. हजिरीपुरती उसनी आणलेली जनावरे येणारच. सकाळी एका पथकात पाहिलेला तांबडा घोडा दुपारी दुसऱ्या पथकात दिसला, तर लाजू नका, त्याच्या खुणा ताडून पाहा. घोड्याचा रंग आणि खुणा लिहून ठेवायची पद्धत उगाच पडलेली नाही.

मदतीला दरखदार आहेत. हजिरी सबनिसाकडे, रोकड पोतनिसाकडे, हिशेबाची तपासणी मुजुमदाराकडे; सरदाराला त्यांना परस्पर काढता येत नाही. बंदोबस्त चोख आहे. फक्त ही सगळी मंडळी राहतात सरदाराच्याच छावणीत.

आता मुलकी बाजूचा एक धडा, तो सावकाश वाचा. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात दरबार खर्चाची हकिकत दिली आहे. मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यायला मामलेदार रयतेकडून जादा वसूल करीत. पुढे ही देणी रुळली आणि इतर खर्चासारखी तीही रीतसर तपासली जाऊ लागली. मग गुपचूप द्यायला पुन्हा नवी वसुली आली. अशा नाजूक बाबतीत तपासणारे फार खोलात जात नसत, त्यामुळे मामलेदारालाही बरेच उरे. आपल्या पेशाची कुळकथा ही अशी.

आजचे काम सोपे आहे. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे उरलेला निधी वर्ष संपण्याआधी सरेंडर करायचा असतो, आणि वर्षअखेरीची खर्चाची घाई हा वित्तीय औचित्याचा भंग समजला जातो. त्यामुळे घाई कोणी करत नाही; मार्चमध्ये कामे आपोआप पूर्ण होतात, इतकेच. बिल 30 मार्चचे असेल तर मेजरमेंट बुक नंतर मागा, आधी गेट रजिस्टर मागा. सिमेंटचा ट्रक बहुधा एप्रिलच्या पानावर भेटेल. ‘फंड लॅप्स झाला असता, साहेब’ हे उत्तर लिहून घ्या. ते खरे असते, म्हणूनच त्यावर आक्षेप काढणे अवघड जाते.

यावर उपाय म्हणून 2004 च्या हंगामी अर्थसंकल्पात अर्थमंत्री जसवंतसिंहांनी लॅप्स न होणारा 25,000 कोटींचा संरक्षण आधुनिकीकरण निधी जाहीर केला होता. सरकार बदलले आणि तो निधी उभाच राहिला नाही. त्यावर एकही ऑडिट पॅरा निघालेला नाही.