प्रीमियम पॅककर्त्यांच्या चरणी

प्रति,
परमपूज्य पॅकेज-प्रमुख महोदय,
टीव्ही वाहिन्यांचे पुरवठादार



आपल्या कंपनीचे नाव या पत्रात घालत नाही. आपल्या धंद्यातील सर्वांच्या पॅकची घडण इतकी सारखी आहे, की एकाचे नाव घेतले तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

सर्वप्रथम आपल्या औदार्याबद्दल आभार. नाशिकच्या सिडकोतील आमच्या छोट्या घरात आपण प्रीमियम पॅकमधून अख्खा भारत आणून बसवलात. एका वाहिनीवर तमिळ गाणी, दुसरीवर बांगला बातम्या, तिसरीवर चोवीस तास तवे आणि कंबरपट्टे विकणारे गृहस्थ. या भाषांचे प्रेक्षक आपापल्या गावी याच वाहिन्यांसाठी आपल्याला विनवीत असतील. आईला हवी असलेली मराठी चित्रपटांची वाहिनी लावली, की मात्र पडद्यावर पाटी येते : ‘ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही.’ इतक्या गर्दीतून नेमकी तीच बाहेर ठेवायची, तर घरातल्या माणसांच्या आवडीनिवडीचा अभ्यास हवा. तो आपण केलात, आम्ही भरून पावलो.

आपल्या कनवाळूपणाला तर तोड नाही. ‘ट्राय’ या नियामक संस्थेने 3 मार्च 2017 रोजी नवा दर-आदेश काढला. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करा आणि ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी घेऊ द्या, असे त्यात सांगितले. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले, 30 ऑक्टोबर 2018 रोजी आदेश कायम झाला आणि 2019 मध्ये तो आमच्या टीव्हीपर्यंत पोहोचला. एकेक वाहिनी निवडण्याचे हे कष्ट आम्हाला पडू नयेत, म्हणून आपण आपल्या अ‍ॅपवर सोन्याचांदीची नावे दिलेले पॅक पहिल्याच पानावर मांडलेत आणि सुट्या वाहिन्यांची यादी अशा कोपऱ्यात ठेवलीत, जिथे माणूस सहसा पोहोचतच नाही. ग्राहकाची एवढी काळजी कोण घेतो?

एखादा हट्टी ग्राहक त्या कोपऱ्यात पोहोचलाच, तर त्याच्यासाठी आपल्याकडे गणित तयार आहे. 19 रुपयांपर्यंतची वाहिनी समूहात, म्हणजे एकगठ्ठा विकल्या जाणाऱ्या वाहिन्यांत, घालता येते. समूह केला तर सुट्या किमतींच्या बेरजेवर 45 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. आता 19 रुपयांच्या तीन वाहिन्या घ्या. सुट्या घेतल्या तर 57 रुपये. समूहात पूर्ण सवलतीने 31 रुपये 35 पैसे. मला त्यांतल्या दोनच हव्या असतील, तर द्यायचे 38 रुपये. तिसरी नको म्हणण्याचा दंड झाला 6 रुपये 65 पैसे, वर जीएसटी. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एखादी मावशी म्हणाली, की दोन जुड्या मेथी महाग पडेल आणि तिसरी किडकी जुडी पिशवीत घेतलीत तर स्वस्त पडेल, तर लोक तिला वेड्यात काढतील. आपण हेच छापील दरपत्रकात करता आणि त्याला ग्राहकाची बचत म्हणता.

ही बचत किती तपश्चर्येने वाढत गेली, तेही सांगितले पाहिजे. 2017 च्या आदेशात सवलतीला 15 टक्क्यांची मर्यादा होती. मद्रास उच्च न्यायालयात ती टिकली नाही. 1 जानेवारी 2020 च्या दुरुस्तीत ट्रायने सवलत एक तृतीयांशाच्या आसपास आणली आणि समूहातील वाहिनीची कमाल किंमत 19 वरून 12 रुपयांवर खेचली. लगेच प्रसारक, म्हणजे वाहिन्यांचे मालक, मुंबई उच्च न्यायालयात गेले. 22 नोव्हेंबर 2022 च्या दुरुस्तीत 12 चे पुन्हा 19 झाले आणि सवलत 45 टक्क्यांवर गेली. राहिले होते आपण, म्हणजे वितरक. आपल्याला स्वतःच्या पॅकवर 15 टक्केच सवलत देता येत होती. जुलै 2024 मध्ये आपलीही मर्यादा 45 टक्के झाली. पॅक जेवढा स्वस्त दिसतो, तेवढी सुटी वाहिनी महाग वाटू लागते. आमच्या निवडीला कोणी मनाई केली नाही, फक्त ती परवडणार नाही अशी तजवीज झाली.

आपण नम्रपणे म्हणाल, ‘दर प्रसारक ठरवतात, आमचा काय दोष?’ प्रसारक तितक्याच नम्रतेने आपल्याकडे बोट दाखवतात. आपली ही परस्परांवरील माया फेब्रुवारी 2023 मध्ये साऱ्या देशाने पाहिली. नव्या दरांच्या करारावर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल स्टार, झी आणि सोनी या प्रसारकांनी बंद केले. वाद दोघांच्या पैशांचा, काळा पडदा मात्र घराघरांत. पैसे आगाऊ भरून बसलेल्या माणसाला कोणी विचारलेसुद्धा नाही. अशा कौटुंबिक भांडणात आम्हाला आपण घरचेच समजलात, याबद्दल ऋणी आहोत.

नेटवर्क क्षमता शुल्काचे, म्हणजे वाहिन्यांच्या किमतीखेरीज नुसत्या जोडणीसाठी द्याव्या लागणाऱ्या पैशांचे, आभार वेगळे मानतो. 2019 मध्ये 100 वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त 130 रुपये, जीएसटीसह 153 रुपये 40 पैसे, आणि पुढच्या प्रत्येक 25 वाहिन्यांसाठी 20 रुपये असा नियम होता. एचडी वाहिनी एक दिसत असली, तरी दोन मोजली जाई. 2020 मध्ये तेवढ्याच 130 रुपयांत 200 वाहिन्या द्याव्या लागल्या, तेव्हा आपल्याला किती यातना झाल्या असतील! सुदैवाने जुलै 2024 मध्ये या शुल्काची कमाल मर्यादाच उठली. आता किती घ्यायचे, हे आपण आणि आपली सदसद्विवेकबुद्धी मिळून ठरवणार. पाचच वाहिन्या पाहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याने हे शुल्क का भरायचे, असा क्षुद्र प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवणार नाही.

मराठी घराची तर आपण आणि प्रसारकांनी मिळून फार हौस पुरवली आहे. आईची संध्याकाळची मालिका एका प्रसारकाकडे, बाबांचा चित्रपट दुसऱ्याकडे, मुलांचा विनोदी कार्यक्रम तिसऱ्याकडे. प्रत्येक प्रसारकाच्या एका मराठी वाहिनीच्या मागे हिंदी, इंग्रजी, कार्टून आणि संगीताची वरात. मराठी माणसाला मराठी टीव्ही पाहायचा, तर तीन वरातींचा खर्च उचलावा लागतो. मराठी कुटुंब एकत्र बसून काय पाहते, याचा विचार करून बांधलेला स्वस्त आणि आटोपशीर पॅक आपल्याला सुचू नये, हे आमचेच दुर्भाग्य.

क्रिकेटच्या बाबतीत आपण आम्हाला संयम शिकवलात. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला देणे बंधनकारक आहे. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने त्यात येतात. दिंडोरीतल्या काकांच्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. तिला महिन्याचे भाडे नाही. काका हे सामने फुकट पाहतात. आम्ही दर महिन्याला पैसे मोजतो आणि आपल्या बॉक्सवर दूरदर्शनची वाहिनी लावली, तर सामन्याऐवजी भलतेच काही दिसते. कारण हे प्रक्षेपण केबल आणि खासगी डिशवर पुढे देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी दिला आहे. हा निकाल आपला नव्हे, कबूल. पण सामना सुरू होण्याच्या सुमाराला ‘क्रीडा वाहिनी आत्ताच जोडा’ असा संदेश आपल्याकडून न चुकता येतो. फुकट पाहणारा काका खेळ पाहतो आणि पैसे भरणारा पुतण्या जाहिरात वाचतो.

पावसाळ्याबद्दल तर किती आभार मानावेत! श्रावणात नाशिकचे आभाळ भरून आले, की गच्चीवरची आपली तबकडी मौनव्रत धरते. पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढेच उरते. रिचार्जचे दिवस मात्र कोसळत्या पावसातही एकेक करून संपत राहतात. त्यांना कोणताही ढग अडवीत नाही.

आपल्या ग्राहकसेवेतील मुलामुलींना मनापासून नमस्कार, आणि तो साधा नमस्कार आहे. ती बिचारी आपण लिहून दिलेले वाचतात. ‘एक वाहिनी काढायची आहे’ म्हटले, की ‘सर, त्याऐवजी आमचा मोठा पॅक घ्या’ असे उत्तर येते. दुसऱ्यांदा सांगितले, की ‘ही वाहिनी समूहातली आहे, एकटी निघणार नाही.’ म्हणजे हवी ती येत नाही आणि नको ती जात नाही. हे उत्तर त्यांच्या तोंडी घालणाऱ्या बुद्धीला आमचे कोपरापासून दंडवत.

महोदय, आता थोडे स्मरण. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातील 38 शहरांत नाशिक होते. 31 मार्च 2013 ही मुदत होती. तोवर साध्या वायरवर चालणारे टीव्ही सेट टॉप बॉक्सशिवाय बंद पडणार म्हणून लोकांनी कनवटीचे पैसे काढून बॉक्स घेतले. त्या वेळचा शब्द असा होता, की बॉक्स आला की ग्राहक राजा होईल : जे पाहाल, त्याचेच पैसे द्याल. बॉक्सच्या आत ते तंत्र आजही आहे. एकेक वाहिनी सुरू किंवा बंद करणे त्याला सहज जमते. रिचार्ज संपला, की आपण ते किती तत्परतेने वापरता, हे आम्ही पाहतोच. तेच तंत्र ग्राहकाच्या मर्जीने वापरायची वेळ आली, की अडचणी सुरू होतात.

हा दादासाहेब फाळक्यांचा जिल्हा आहे. 30 एप्रिल 1870 रोजी ते त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि 1913 मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. चित्र पाहण्याचे वेड या मातीला जुने आहे. त्याच मातीतल्या आईला मराठी चित्रपट पाहण्यासाठी तीन नको असलेल्या वाहिन्या विकत घ्याव्या लागतात, याची मला चीड येते. इथे मी उपरोध बाजूला ठेवतो.

टीव्ही ही आमच्या घरात चैन नाही. जिना उतरणे जड जाणाऱ्या माणसांचे सगळे जग त्या पडद्यावर आहे. त्यांना अ‍ॅप कळत नाही, ओटीटीचे पासवर्ड लक्षात राहत नाहीत, समूह आणि सुटी वाहिनी यांतला फरक माहीत नसतो. आपला धंदा नेमका त्यांच्या न कळण्यावर चालतो. ज्यांना कळते, ते निघून चालले आहेत. देशातील खासगी डीटीएचचे ग्राहक काही वर्षांपूर्वी सात कोटींच्या घरात होते, आता ते सहा कोटींच्या खाली आले आहेत. मोबाइलने ग्राहक पळवले, असे आपण म्हणता. निम्मे काम आपल्या पॅकनी केले आहे.

म्हणून तीन मागण्या. सुट्या वाहिन्यांची किंमतवार यादी अ‍ॅपच्या पहिल्या पानावर, मराठीत आणि पॅकच्या आधी द्या. प्रत्येक पॅकच्या शेजारी त्यातील वाहिन्यांच्या सुट्या किमती छापा. आणि ‘ही वाहिनी काढा’ म्हटले, की वाद न घालता ती काढा. ट्रायकडे एकच मागणी आहे : सवलतीची मर्यादा इतकी खाली आणा, की दोन वाहिन्या घेणाऱ्याला तीन घेणाऱ्यापेक्षा जास्त पैसे पडणार नाहीत.

वाचकहो, पत्र त्यांना असले, तरी काम आपल्याला करायचे आहे. पुढचा रिचार्ज मारण्याआधी आपल्या बॉक्सवरच्या वाहिन्यांची यादी काढा. 999 क्रमांकाच्या ग्राहक वाहिनीवर दर पाहा. महिनाभरात घरात कोणीच न लावलेल्या वाहिन्यांवर फुली मारा. त्या काढण्याची मागणी लेखी करा, तक्रार क्रमांक घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा आणि पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करा. शेजारच्या आजी-आजोबांची यादीही तुम्हीच करून द्या. न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे आपण निमूटपणे भरतो, म्हणून हे पॅक चालतात. ते भरणे थांबवा.

आपला,
एक नाशिककर ग्राहक