हत्यारवाले मामा

आखाड्यात उतरायच्या आधी लंगोटाचं कापड निवडण्यातच एखादा पैलवान हंगाम घालवू लागला, तर वस्ताद त्याला तालमीबाहेर काढील. आमच्या मामांना वस्ताद नव्हता. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता.

1988 साली पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं विलायतेतला सिंक्लेअर स्पेक्ट्रम परवाना घेऊन बाजारात आणला, ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावानं. मामांनी तो राजारामपुरीतल्या घरी आणून टीव्हीला जोडला. (रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागलं की मामी वायर उपटायच्या.) हेतू थोर होता. मार्केट यार्डात माझ्या वडिलांची गुळाची अडत. रव्यांचं वजन गुणिले दर, वजा हमाली, वजा तोलाई, की शेतकऱ्याची पट्टी तयार. प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा, तेवढंच ठरायचं होतं. त्यात अडीच वर्षं गेली.

बेसिक मशीनमध्ये आयतं होतं. ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटायचा. नेमकं तेच मामांना खटकायचं. “आयतं मिळतंय ते हत्यार न्हवं, खेळणं!”

मग असेंब्लर. वेगाला तोड नाही. पण एक आकडा चुकला की मशीन गपगार, आणि प्रोग्रॅम भरायची कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच मिनिटं तिची किंकाळी ऐकायची आणि शेवटी पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, “मिक्सर बिघडलाय काय ओ?”

मग पास्कल. शिस्तीची भाषा. पण मेमरी सगळी 48 के, त्यातले जवळजवळ 7 के पडद्याच्या चित्रालाच जायचे. त्यात कंपायलर येऊन बसला की घरमालकानं ओसरीवर झोपायची पाळी.

आणि एके रात्री मामांना फोर्थ सापडली. तिच्यात आधी दोन आकडे लिहायचे, अधिकचं चिन्ह मागून. मामा अंथरुणातून उठून आले. “भाच्या, क्रियापद शेवटाला! ही तर मराठीच की रं!” त्या आनंदात त्यांनी दोन आणि तीनची बेरीज केली. त्यांच्या हातून पुरा झालेला माझ्या माहितीतला तो एकमेव प्रोग्रॅम.

मे महिन्यात मामा रंकाळ्यावर भेळ खायला गेले असताना मी बेसिकमध्ये बावीस ओळी खरडल्या. वडिलांनी तीन जुन्या पट्ट्यांशी आकडे ताडून बघितले. पैसा न् पैसा जुळला. मामा आले, चष्मा न काढता, खाली न बसता सगळ्या ओळी वाचल्या.

“चालतंय रं. पर बेसिकमधी लिवलंयस.”

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मित्राकडून फोर्थची नवी आवृत्ती आली. घरात कोरी कॅसेट नव्हती, म्हणून माझ्या पट्टीच्या कॅसेटवर मामांनी ती भरून घेतली. त्यांच्या सगळ्या कॅसेटांत तेवढी एकच पहिल्या फटक्यात लोड व्हायची.