कोसाईतले नागपूरकर

जपानच्या शिझुओका प्रांतात, हामाना सरोवराच्या पश्चिम काठावर कोसाई नावाचं गाव आहे. वस्ती साठ हजारांच्या आतबाहेर. जपानी हिशेबाने शहर, नागपूरच्या हिशेबाने दोनचार वस्त्या. यंत्रमागाचे संशोधक आणि टोयोटा घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा 1867 साली इथेच जन्मले. सुझुकीचा मोटार कारखाना इथे आहे, आणि बुलेट ट्रेन गावाला न विचारता निघून जाते. मोटारउद्योगात शिरलेला नागपूरचा इंजिनिअर बायकोपोरांसह ज्या जपानी गावांत जाऊन पडतो, त्यांचा कोसाई हा बरा नमुना. तोक्योच्या निशिकासाई भागात भारतीय किराणा मिळतो, ओळखीचे चार मराठी चेहरे मिळतात. अशा गावात मिळतो तो शेजार.

हा शेजार बोलत नाही, पण त्याचं लक्ष असतं. बिऱ्हाड थाटल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. शेजारच्या आजींकडे ती नोंद सामान उतरतानाच झालेली असते. प्रथेप्रमाणे नव्या कुटुंबाने समोरच्या तीन आणि आजूबाजूच्या दोन घरी छोटीशी भेट न्यायची. नागपूरकर अर्थातच संत्राबर्फी नेतो. लगेच परतभेट म्हणून बिस्किटांचा डबा येतो. आता, शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही हे ज्या घरात आजीपासून चालत आलं, ते घर स्वस्थ कसं बसणार? चकल्या जातात, टॉवेल येतो. करंज्या जातात, हातभर लांबीचे मुळे येतात. दोन्ही बाजू सभ्य असल्यामुळे हा व्यवहार आधी कोणी थांबवायचा ते ठरत नाही. तो बदलीनेच मिटतो.

कुटुंबाची खरी परीक्षा कचरा घेतो. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, काच, डबे, जुने कागद, प्रत्येकाचा वार वेगळा आणि त्याचं वर्षाचं कॅलेंडर घरात टांगलेलं. पाण्याच्या बाटलीचं टोपण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली विसळायची, चेपायची आणि मग टाकायची. नागपुरात एवढी बडदास्त पाहुण्यांचीसुद्धा होत नाही. पिशवी गावाने ठरवलेलीच हवी, सकाळी ठरल्या वेळेआधी नाक्यावर हवी, वर कावळ्यांसाठी जाळी हवी. काही गावांत तर पिशवीवर घराचं नावही लिहावं लागतं. चूक झाली तर गाडी बाकीच्या पिशव्या नेते आणि तेवढी एक चिठ्ठी चिकटवून मागे ठेवते. मग ती पिशवी साऱ्या गल्लीसमोर दिवसभर बसून राहते. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु गावाने 2003 साली कचरामुक्तीचा संकल्प सोडला आणि वर्गवारी 45 प्रकारांपर्यंत नेली. त्यामानाने कोसाईकर सुटले म्हणायचे. तरी घंटागाडीच्या मागे पळत जाऊन सगळं एकाच बादलीतून ओतणाऱ्याला पहिले सहा महिने जडच जातात.

तक्रार करायची रीतही निराळी. मोहल्ल्याची एक फाइल घरोघर फिरते. वाचायची, सही करायची, पुढच्या दारी पोचवायची. तीत नाल्या साफ करण्याचा दिवस असतो, हरवलेलं मांजर असतं, आणि मधेच एक ओळ असते की अलीकडे काही घरांतून रात्री मोठा आवाज येतो. नाव कोणाचंच नसतं. त्या गल्लीत रात्री अकराला नागपूरशी व्हिडिओकॉल करणारं घर मात्र एकच असतं. हेच काम नागपूरच्या महाल-इतवारीत समोरच्या काकू गॅलरीतून उरकतात : "काऊन रे, फोनवर बोलून राहिला का मोर्चा काढून राहिला?" कागद लागत नाही, सही लागत नाही.

स्वयंपाकघराचा प्रश्न वासाचा. जपानी माणूस रस्सा आवडीने खातो, पण त्याचा घरगुती रस्सा गोडसर. तिथला नावाजलेला व्हर्मांट करी मसाला 1963 पासून सफरचंद आणि मधाच्या जोरावर खपतो आहे. त्यावर वाढलेल्या शेजाऱ्याला झणझणीत सावजी रस्सा वाढणं हा सत्कार की हल्ला, याचा निवाडा अवघड. तो घाम पुसत, रुमाल ओला करत, "फार चविष्ट" म्हणत ताट संपवतो आणि पुढचं आमंत्रण आलं की त्याला नेमकं काम निघतं. शाकाहाऱ्यांची गोची उलटी : साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क निघतो. फळांच्या बाबतीत मात्र नागपूरकराचा ताठा उतरतो. सरोवराच्या उत्तरेचं मिक्काबी हे संत्र्याचं नामांकित गाव. फळ लहान, गोड, बिनबियांचं. आपल्या संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालंय हे तो प्रत्येक फोडीगणिक सांगतो, पण डिसेंबरात पेटी मिक्काबीचीच आणतो.

मुलं सर्वांत आधी बिघडतात, म्हणजे सुधारतात. शाळेत वर्ग पोरंच झाडतात, जेवणही पाळीने वाढतात. त्यामुळे सुटीत नागपूरला आलेला नातू आबाजींची दारातली चप्पल उचलून, टोक बाहेर करून, जोडीने लावतो. आबाजींना ती तीन दिवस सापडत नाही.

हवेचा अंदाजही चुकतो. 17 ऑगस्ट 2020 रोजी शेजारच्या हामामात्सुत 41.1 अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हाच्या जपानी उच्चांकाशी बरोबरी. नागपुरात मे महिन्यात 41 म्हणजे "आज बरं आहे". पण समुद्रकाठची ती दमट उष्णता वाळ्याच्या ताट्यांना भीक घालत नाही. तिथे कूलर हा नुसता आवाज करणारा पंखा. भूकंपाचं म्हणाल तर पहिल्या धक्क्याला नागपूरकर जिन्यात असतो आणि शेजारचे आजोबा चहात.

या सगळ्याची भरपाई मे महिन्यात होते. 3 ते 5 मे रोजी हामामात्सुत पतंगोत्सव असतो. घरात पहिलं मूल जन्मलं की त्याच्या नावाने माणसापेक्षा मोठा पतंग चढवतात, आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत जाड दोर घासून पेच लढतात. नागपूरच्या उन्हाला कंटाळून आलेले सासरे तेवढ्यापुरते शिष्टाचार विसरतात आणि पतंग उडतात त्या नाकाताजिमाच्या वाळूवरून "ओ काट" अशी आरोळी ठोकतात. तिथे ती कोणालाच खटकत नाही, कारण त्या तीन दिवसांत जपानीही बिगूल वाजवत बेंबीच्या देठापासून ओरडत असतात. जायचं असेल तर मे गाठावा. मांजा तेवढा घरी ठेवावा.