सज्जन पूर्वजांची अडचण

अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतीच्या सीमेवर पहिल्या पिढीत जाऊन स्थिरावलेल्या मनुष्यास तेथे ‘पायोनियर’ म्हणतात (ज्या मूळ रहिवाशांकडून ती जमीन तहांनी आणि सक्तीने काढून घेतली गेली, त्यांना या पहिलेपणाच्या मोजणीत धरण्याची प्रथा नाही), आणि अशा पूर्वजाच्या आयुष्याचा माग काढणे हा तेथील निवृत्त मंडळींचा आवडता, बराचसा खर्चिक आणि घरातील इतरांच्या सहनशक्तीचा अंत पाहणारा उद्योग आहे. या उद्योगातील पहिला सिद्धान्त, जो संशोधकास बहुधा उशिरा उमगतो, तो असा की पूर्वज जितका सत्शील तितका तो सापडणे कठीण. कारण जो कर्ज काढत नाही, बांधावरून भांडत नाही आणि मागे वाटण्यांचा वाद न ठेवता निवर्ततो, त्याच्यासाठी करदात्यांच्या यादीतील एका ओळीपलीकडे शाई खर्च करण्याचे कारकुनास काही कारणच उरत नाही.

शोधाचा आरंभ घरच्या बायबलपासून होतो. या जाडजूड ग्रंथात जुना आणि नवा करार यांच्या मध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींसाठी कोरी पाने बांधलेली असत, आणि पुरावा म्हणून त्यांना इतका मान होता की स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या काही विधवांनी निवृत्तिवेतनासाठी आपला विवाह सिद्ध करताना ती पाने फाडून सरकारकडे धाडली. जाणकार मात्र प्रथम ग्रंथाच्या छपाईचे वर्ष पाहतो. १८५० साली छापलेल्या प्रतीत १७९० चा जन्म आणि १८४८ चा मृत्यू एकाच शाईने व एकाच वळणदार हस्ताक्षरात उतरलेले असतील, तर ती नोंद नसून कोणाची तरी आठवण आहे असे तो समजतो, आणि घरातल्या आठवणीत आईवडिलांचे लग्न थोरल्या अपत्याच्या जन्मापासून नेहमीच शोभेशा अंतरावर असते. हेच अंतर काउंटीच्या, म्हणजे राज्याखालील आणि आपल्या जिल्ह्याशी ढोबळमानाने जुळणाऱ्या प्रशासकीय घटकाच्या, विवाहवहीत कधीकधी चिंताजनक रीतीने घटते.

जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होत असली तरी १८४० पर्यंत प्रगणक केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत असे आणि बाकीचे घर वयोगटांच्या रकान्यांत आकड्यांनी भरत असे, त्यामुळे त्या रानात संसार उभा करणारी पूर्वजाची पत्नी ‘तीस ते चाळीस वयाची स्त्री, एक’ एवढ्यावर आटोपते. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येऊ लागले. गुलामांच्या निराळ्या यादीत मात्र १८६० पर्यंत मालकाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी वय, लिंग आणि वर्ण एवढेच राहिले, आणि म्हणून ज्यांच्या पूर्वजांनी ती जंगले प्रत्यक्ष तोडली त्या कृष्णवर्णीय वंशजांचा शोध पुष्कळदा १८७० पाशी येऊन भिंतीस थडकतो. येथे हसण्यासारखे काही नाही. हसण्यासारखी गोष्ट १८९० च्या जनगणनेची आहे: तिचे बहुतांश कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील आगीत जळाले वा त्याहून अधिक आग विझवण्याच्या पाण्यात भिजले, उरलेले कित्येक वर्षे तसेच पडून राहिले, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीची कोनशिला राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी संसदेने ते नष्ट करण्यास संमती दिली. सरकारी दप्तरात मुहूर्ताला महत्त्व नसते, असे यावरून म्हणता येणार नाही.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली जमीन घेतलेला पूर्वज हे त्या मानाने भाग्यच होय. या कायद्यानुसार १६० एकर सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसणाऱ्यास मालकीची सनद मिळे, आणि त्यासाठी अर्जदाराने व दोन साक्षीदारांनी घराची लांबीरुंदी, दारेखिडक्या, नांगरलेले क्षेत्र, बायकामुले असा तपशील शपथेवर सांगावा लागे. साक्षीदार बहुधा शेजारी असत, आणि शेजाऱ्यांची स्वतःची सनदही व्हायची असल्याने परस्परांच्या सचोटीविषयी कमालीचे एकमत आढळते. घर बारा बाय चौदा हवे, पण फूट की इंच हे नियमात लिहिलेले नाही, असे हेरून काही महाभागांनी बारा इंच बाय चौदा इंचांचे घरकुल करून शपथ घेतल्याची कथा तेथे फार सांगितली जाते.

चारित्र्याचा खरा महापूर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापल्या गेलेल्या काउंटी-इतिहासांत, ज्यांतील चरित्रे बहुधा वर्गणीदारांची असत आणि त्यांतील मजकूर वर्गणीदारच पुरवीत. त्यामुळे त्या हजारो पानांत आळशी, कर्जबाजारी किंवा तिरसट मनुष्य औषधालाही सापडत नाही. तीन भाऊ समुद्र ओलांडून आले, एक उत्तरेस गेला, एक दक्षिणेस, आणि तिसऱ्याचे पुढे काय झाले ते कळत नाही, ही उत्पत्तिकथा त्यांत इतक्या कुळांनी सांगितली आहे की कुलवृत्तांत चाळलेल्या मराठी वाचकास घरी आल्यासारखे वाटावे.

शेवटी काउंटीच्या न्यायालयाकडेच जावे लागते, अर्थात ते मधल्या काळात जळाले नसेल तर. आणि तेथे पूर्वजाने एकदाही घर हलवले नसताना तो तीन काउंट्यांत राहिलेला आढळतो, कारण लोकसंख्या वाढली की काउंटी दुभंगे आणि जुन्या वह्या बहुधा मूळ काउंटीकडेच राहत. डुकरे मोकळी सोडण्याची रीत असल्याने मालकी ओळखण्यासाठी त्यांच्या कानांना विशिष्ट खाचा पाडून त्या नोंदवल्या जात, आणि भरकटून आलेल्या गाईचा रंग, वय व शिंगे यांचे वर्णन दुसऱ्या वहीत होई. परिणामी पूर्वजाच्या डुकराचा डावा कान निश्चितपणे सांगता येतो, पत्नीचे माहेरचे आडनाव नाही.

सर्वांत बोलका कागद मरणोत्तर असतो. प्रोबेट, म्हणजे मृताची मालमत्ता न्यायालयाच्या देखरेखीखाली मोजून, देणी फेडून वारसांस देण्याची प्रक्रिया, सुरू झाली की शेजारी घरात शिरून किटली, परातीपासून गळक्या पिंपापर्यंत प्रत्येक वस्तूची किंमत लावीत आणि पुढे तिचा लिलाव होई, ज्यात विधवेलाच आपली किटली पैसे मोजून परत घ्यावी लागल्याची उदाहरणे आहेत. या हिशेबाच्या तळाशी कारभाऱ्याने मृताच्या खात्यातून वळते केलेले किरकोळ खर्च असतात, आणि बोलीला जमलेल्यांचा हात सैल व्हावा म्हणून वाटलेली व्हिस्की त्यांत कधीकधी गॅलनांच्या मापाने नोंदलेली आढळते. मुलाने पुढे वर्गणी भरून छापवलेल्या चरित्रात वडिलांनी आयुष्यभर मद्याला स्पर्शही केला नाही असे लिहिलेले असले, तरी या नोंदीने ते खोटे ठरत नाही. ती त्यांनी प्यायलेली नव्हती, तिचे बिल तेवढे त्यांच्या नावावर होते.